साक्ष देणारी एकटी नको
खैरलांजी आपल्याच मोहाडी तालुक्यातलं. तिथल्या सुरेखा भोतमांगे यांनी मारहाणीच्या प्रकरणात आरोपी ओळखले. ते जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ ला, जमावानं सुरेखाताई, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे यांना ठार केलं. बातमी बाहेर आली तेव्हा विदर्भातल्या दलित बाया मोर्च्यांत पुढे होत्या. हे बळ जुनंच. जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क बायांनी तेव्हाच मागितला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. म्हणून गटाच्या बैठकीत आपण ठरवू या: साक्ष द्यायला निघालेली बाई एकटी जाणार नाही.