देवळालीच्या मास्तरांचा ६१७४

गणिताच्या तासाला कोडे घातले की अनेक पालकांना वाटते, अभ्यास थांबला आणि करमणूक सुरू झाली. महाराष्ट्रात गणित ज्या रीतीने शिकवले गेले, तिच्याशी हे मत जुळत नाही. भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’त अंकपाशाचे प्रकरण आहे, दिलेल्या अंकांच्या किती वेगवेगळ्या मांडण्या होतात, हे कोडेच तिथे पाठ म्हणून येते. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन झाला. त्याला १२०७मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेखही आहे. पण माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा अलीकडचा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. त्यांचे कोडे असे: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे ६१७४च येत राहते. फार तर सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते. कापरेकरांनी हे १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले.

त्या काळच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. १९७५मध्ये गणितकोड्यांचे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिल्यावर जगाचे लक्ष गेले. आक्षेप तरीही उरतो: गंमत ठीक, पण यातून शिकायचे काय? अंक मोठ्यापासून लहान अ, ब, क, ड मानले, तर प्रत्येक वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकी येते. म्हणजे, सुरुवातीला शून्य असलेल्याही धरून, ९,९९० संख्यांसाठी या दोन फरकांच्या फक्त ५४ जोड्या तपासायच्या. एखाद्या वर्गाने त्या वाटून घेतल्या, तर मुले सिद्धता स्वतःच्या हाताने पुरी करतील. वजाबाकीचा सरावही त्यातच होतो, म्हणून पाढे मागे पडण्याची भीती मला पटत नाही. कोडी हवीत तर शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका असतातच, असे कोणी म्हणेल, पण तेही पुरेसे उत्तर नाही. तिथे घड्याळ लावून पर्याय निवडायचा असतो, ‘नेहमी असेच होईल का?’ हे विचारायला सवड नसते. कापरेकरांच्या कोड्यात हा प्रश्न टळतच नाही. तीन अंकी संख्या ४९५वर थांबतात. दोन अंकी मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ अशा फिरत राहतात, कुठेच थांबत नाहीत.