पंचवीस धावांचा करंडक : पहिल्या डावाच्या आघाडीने घडवलेला रणजीचा इतिहास

मुळशीतल्या चांदे-नांदे पट्ट्यातून निघून हिंजवडी ओलांडली की पुढे मावळ तालुक्यातले गहुंजे लागते. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्यांना दिसते ते तिथले क्रिकेटचे मैदान. फेब्रुवारी २०२५ मध्ये या मैदानावर रणजी करंडकाचा एक उपांत्यपूर्व सामना पाच दिवस चालला. त्यात कोणीही जिंकले नाही, कोणीही हरले नाही. तरीही एक संघ पुढे गेला आणि एक संघ घरी परतला. दोघांमधले अंतर होते एका धावेचे.

जम्मू-काश्मीरचा पहिला डाव २८० धावांवर संपला होता. उत्तरादाखल केरळची अवस्था ९ बाद २०० झाली. सलमान निझार एका टोकाला उभा होता आणि सोबतीला आला अकरावा फलंदाज, बेसिल थंपी. या दोघांनी ८१ धावा जोडल्या. केरळ २८१ वर सर्वबाद झाला तेव्हा सलमान ११२ वर नाबाद होता.

वरवर पाहता २८० आणि २८१ यांत फरक तो काय? पण त्या एका धावेने पुढच्या तीन दिवसांचा सगळा खेळ बदलून टाकला. सामना अनिर्णित राहिल्यास केरळ पुढे जाणार होता. म्हणजे केरळला जिंकण्याची गरजच उरली नाही, आणि जम्मू-काश्मीरला मात्र जिंकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पारस डोगराचे शतक झाले, ९ बाद ३९९ वर डाव घोषित झाला, केरळपुढे ३९९ धावांचे लक्ष्य ठेवले गेले. केरळने त्या लक्ष्याकडे पाठ फिरवली आणि फक्त घड्याळाकडे पाहिले. ६ बाद १८० अशी पडझड झाल्यावर सलमान आणि मोहम्मद अझरुद्दीन खेळपट्टीवर ठाण मांडून बसले. वेळ संपली तेव्हा धावफलक होता ६ बाद २९५.

बरोबरी सोडवणारा नियम साधारणपणे नियमपुस्तकाच्या शेवटच्या पानांत असतो, म्हणून आपण त्याला किरकोळ समजतो. वास्तविक तो सामना संपल्यावर लागू होत नाही, पहिल्या चेंडूपासूनच खेळात उतरलेला असतो. या धाग्यात त्याचा महाराष्ट्रातला इतिहास पाहू. तो गहुंज्यात सुरू होत नाही. त्यासाठी पुण्यातच, पण आणखी ८४ वर्षे मागे जावे लागते.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली आणि पहिली तेवीस वर्षे ती बाद पद्धतीने खेळली गेली. बाद पद्धतीत दोघांपैकी एकाला जावेच लागते. पण प्रथम श्रेणीचा सामना हा असा विचित्र खेळ आहे की तीन-चार दिवस घाम गाळूनही निकाल लागेलच असे नाही. पुन्हा सामना खेळवावा, तर खेळाडूंना नोकऱ्या आणि कॉलेजे होती, संस्थानिकांच्या संघांना दरबाराची कामे होती. तेव्हा तोडगा निघाला तो असा : ज्याने पहिल्या डावात जास्त धावा केल्या, तो पुढे.

आता १९४०-४१ चा हंगाम. पश्चिम विभागात महाराष्ट्र विरुद्ध मुंबई, सामना पुण्यात. महाराष्ट्राचे कर्णधार होते दिनकर बळवंत देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक, जन्म जानेवारी १८९२ चा. म्हणजे ज्या वयात बहुतेक क्रिकेटपटू निवड समितीत बसून इतरांना नावे ठेवतात, त्या वयात हे गृहस्थ पॅड बांधून मैदानात उतरत होते. त्यांनी २४६ धावा केल्या. महाराष्ट्राचा डाव ६७५ वर संपला.

एरवी ६७५ म्हणजे सामन्याचा शेवट. पण समोर मुंबई होती. खंडू रांगणेकरांनी २०२ धावा काढल्या, विजय मर्चंट यांच्यासारखा फलंदाज त्या संघात होता, आणि मुंबई चढत चढत ६५० पर्यंत पोहोचली. तिथे डाव संपला. दोन्ही संघांचे एकेक डाव मिळून १३२५ धावा, आणि फरक पंचवीस धावांचा. सामना अनिर्णित राहिला. पुढे गेला महाराष्ट्र.

या पंचवीस धावांची किंमत समजून घ्यायची असेल तर पुढचा इतिहास पाहावा लागतो. त्या हंगामात महाराष्ट्राने अंतिम सामन्यात मद्रासला हरवले आणि सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन हंगामांत महाराष्ट्राने अंतिम फेरी गाठली. तिन्ही वेळा पराभव पदरी पडला. १९४०-४१ चा तो करंडक महाराष्ट्राचा अखेरचा ठरला. त्या दिवशी पुण्यात नियम वेगळा असता, समजा नाणे उडवून निकाल लावायचा असता किंवा सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा असता, तर आपल्या खात्यावर कदाचित एकच करंडक दिसला असता.

निकाल लागेपर्यंत खेळायचे, हे मी कल्पनेने लिहिलेले नाही. तसेही घडले आहे, तेही पुण्यातच, तेही याच दोन संघांमध्ये.

मार्च १९४९, उपांत्य सामना. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. त्यात माधव मंत्री यांचे द्विशतक आणि उदय मर्चंट व दत्तू फडकर यांची शतके होती. मधुसूदन रेगे आणि मनोहर दातार यांच्या शतकांच्या आधारे महाराष्ट्राने ४०७ पर्यंत मजल मारली. मुंबईकडे २४४ धावांची आघाडी. पहिल्या डावाचा नियम लागू असता तर मुंबईचे काम इथेच संपले होते. तिने फॉलोऑन दिला असता किंवा उरलेला वेळ आरामात खेळून काढला असता, तरी चालले असते.

पण जिथे सामना शेवटपर्यंत खेळायचा असतो, तिथे आघाडीला स्वतंत्र मोल नसते, ती पुढच्या हिशेबातली एक रक्कम असते. मुंबईने फॉलोऑन दिला नाही. ती पुन्हा फलंदाजीला उतरली आणि ८ बाद ७१४ धावा कुटून मग डाव घोषित केला. उदय मर्चंट आणि फडकर यांनी दुसऱ्या डावातही शतके झळकावली. महाराष्ट्रापुढे लक्ष्य होते ९५९ धावांचे! त्यातही महाराष्ट्राने ६०४ धावा केल्या, रेगे यांनी सामन्यातले दुसरे शतक काढले, शरद देवधरांनी १४६ धावा केल्या, आणि ३५४ धावांनी पराभव झाला. सात दिवस, नऊ शतके, २३७६ धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यात एवढ्या धावा आजवर झालेल्या नाहीत.

हे दोन सामने शेजारी ठेवून पाहा. शहर तेच, प्रतिस्पर्धी तेच, फलंदाजांना धार्जिणी खेळपट्टीही तशीच. १९४०-४१ मध्ये दोन डावांत सारे संपले, १९४९ मध्ये चार डाव आणि सात दिवस लागले. खेळाडू काही एवढ्या वर्षांत निराळ्या वंशाचे झाले नव्हते. प्रश्न निराळा विचारला गेला, म्हणून उत्तर निराळे आले.

(याच हंगामात, डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. महाराष्ट्र ४ बाद ८२६, आणि ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर. काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला. निकाल लावण्याचा हाही एक मार्ग, आणि माझ्या मते सर्वांत कोता.)

१९५७-५८ पासून विभागीय साखळी सुरू झाली आणि पहिल्या डावाच्या आघाडीला नवे रूप मिळाले : गुण. आजच्या पद्धतीत निर्णायक विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास एक गुण जास्त, अनिर्णित सामन्यात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि पिछाडीवर पडणाऱ्याला १. म्हणजे आघाडी हा अर्धा विजय झाला. गुण समान झाले तर पुढची चाळणी लागते, आणि त्या चाळणीत 'क्वोशंट' नावाचा एक आकडाही असतो. आपण एका गड्यामागे किती धावा केल्या, त्याला आपण एका गड्यामागे किती धावा दिल्या याने भागायचे. समजा एखाद्या संघाने गड्यामागे ४० धावा केल्या आणि ३२ दिल्या, तर त्याचा क्वोशंट १.२५. या गणितात शेवटच्या फलंदाजाने उगाच बॅट फिरवून गमावलेली विकेटही मोजली जाते. 'खडूस' हा मुंबईच्या क्रिकेटला चिकटलेला शब्द. त्यामागे मैदानांवरचा संस्कार आहेच, पण या हिशेबानेही त्याला खतपाणी घातले असणार.

मुंबईने हा नियम जितका पचवला तितका कोणीच नाही. १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग पंधरा वेळा करंडक मुंबईकडे राहिला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यातले १९६६-६७, १९६७-६८ आणि १९६८-६९ हे लागोपाठचे तीन अंतिम सामने अनिर्णित राहिले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. राजस्थान, मद्रास आणि बंगाल यांच्यावर मुंबईने मात केली ती पहिल्या डावाच्या आघाडीने. म्हणून ती विजेतेपदे कमअस्सल ठरत नाहीत. सामना कुठे जिंकला जातो हे ओळखणे हीदेखील विद्याच आहे.

या विद्येचे अलीकडचे उदाहरण ऑक्टोबर २०१६ चे. वानखेडेवर महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांची ५७७ धावांची जुनी भागीदारी मागे पडली. जयवर्धने-संगकारा यांचा ६२४ धावांचा विश्वविक्रम मोडायला ३१ धावा हव्या होत्या. गुगळे ३५१ वर नाबाद, बावणे २५८ वर. आणि कर्णधार असलेल्या गुगळे यांनी २ बाद ६३५ वर डाव घोषित केला! विक्रमाची वाट पाहिली असती तर कोणी दोष दिला नसता. पण दिल्लीकडून ऋषभ पंतने ३०८ धावा झोडपल्या, दिल्ली ५९० पर्यंत आली, आणि अनिर्णित सामन्यात ४५ धावांच्या आघाडीमुळे ३ गुण महाराष्ट्राला मिळाले.

इतरत्र हा पेच निराळ्या रीतीने सुटला. ऑस्ट्रेलियात १९८२-८३ पासून शेफील्ड शील्डचा अंतिम सामना सुरू झाला. तिथला नियम दीर्घकाळ असा होता की अंतिम सामना अनिर्णित राहिला तर साखळीत अव्वल ठरलेल्या यजमान संघाला करंडक. पाहुण्यांना जिंकावेच लागे. तिथे हंगामभराच्या कामगिरीला मान मिळाला, आपल्याकडे त्या सामन्यातल्या पहिल्या डावाला. आणि १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा निकाल चौकार-षटकारांच्या संख्येवर, २६ विरुद्ध १७, लागला तेव्हा काय झाले ते बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तो नियम काही महिन्यांतच रद्द झाला. आपला पहिल्या डावाचा नियम मात्र टिकून आहे. याचे कारण मला असे वाटते की तो निदान खेळाडूंना आधीपासून ठाऊक असतो आणि त्यासाठी त्यांना खेळता येते. त्याची खोटही तीच आहे : नाणेफेक जिंकून पाटा खेळपट्टीवर दोन दिवस फलंदाजी करणाऱ्याला तो झुकते माप देतो, आणि दुसरा डाव पुष्कळदा उपचार होऊन बसतो.

पुन्हा २०२५ कडे वळू, कारण केरळची गोष्ट गहुंज्यात संपली नाही. अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ धावा झाल्या होत्या आणि गुजरातची शेवटची जोडी ४५५ वर होती. अर्झान नागवासवाला याने जोरदार फटका मारला. चेंडू जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्याच हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये कर्णधार सचिन बेबीच्या हातात विसावला. दोन धावांची आघाडी. गोलंदाज होता आदित्य सरवटे. नागपूरचा, विदर्भाच्या दोन्ही रणजी विजेतेपदांतला मोहरा, आणि त्या हंगामात केरळकडून खेळणारा.

केरळ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला, आणि सामना होता नागपूरजवळच्या जामठ्यात, विदर्भाशी. दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या बळावर विदर्भाने ३७९ धावा केल्या. सरवटेने आपल्याच गावच्या संघाविरुद्ध ७९ धावा काढल्या. सचिन बेबी शतकापासून दोन धावांवर, ९८ वर बाद झाला. केरळचा डाव ३४२ वर संपला. आघाडी विदर्भाची, ३७ धावांची.

मग गहुंज्याचे पाचही दिवस उलटे फिरले. आता जिंकणे केरळला भाग होते आणि विदर्भाला फक्त टिकायचे होते. करुण नायरने १३५ धावा केल्या. २ मार्चच्या दुपारी धावफलकावर विदर्भ ९ बाद ३७५ होता, शेवटची जोडी खेळत होती, आणि तिला बाद करण्यातही आता काही हशील उरले नव्हते. दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केले. विदर्भाचा तिसरा करंडक.

पुण्याच्या खात्यावर शेवटची नोंद मात्र अजून १९४०-४१ चीच आहे.