सकाळच्या पाळीला कोण कोण आले?

सोलापुरात ज्यांचे बालपण गेले त्यांना गिरणीच्या भोंग्याविषयी वेगळे सांगायला नको. १८७७ साली निघालेली जुनी गिरणी आणि मागाहून आलेल्या तिच्या धाकट्या बहिणी यांच्या भोंग्यावर एके काळी या गावाच्या चुली पेटत आणि विझत. आमचे आजोबा सांगत, की भोंगा झाला म्हणजे दारात दोन प्रकारची माणसे दिसत. एक कायमची, ती सरळ आत जात. दुसरे बदलीवाले. कोण कोण गैरहजर आहे ते पाहून मुकादम तेवढ्याच बदलीवाल्यांना हाक मारी; उरलेले घरी परतत. भोंगा झाला म्हणून सगळे गाव आत शिरले, असे कधी होत नसे.

हे आठवायला कारण घडले ते गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर. पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी हिशेब पाहतो. त्याचा फोन आला, "सर, जरा येऊन जाता का? बोनसची यादी चुकलीय, आणि कशी चुकली तेच कळत नाही."

मी भाषेचा मास्तर. पण शाळेतला संगणक रुसला की मलाच बोलावतात, तेव्हा गेलो. आषाढात कामाला लागलेल्या सहा बायकांची नावे यादीत नव्हती. धनत्रयोदशी दोन दिवसांवर आलेली. त्या सहाजणी दाराशी उभ्या होत्या. बोलत कोणीच नव्हते. त्याने संगणक सुरू केला. आम्ही खुर्चीवर बसतो न बसतो तोच पडद्यावर हजेरीचा एक तक्ता आपोआप उघडला. त्यामागे निरोपानिरोपीचा कार्यक्रम, छपाईयंत्राचा मदतनीस, आणखी दोघेतिघे. चक्र फिरतच राहिले.

"हीच रोजची यादी," तो म्हणाला. "आपोआप उघडते, म्हणून मी हिच्यातच भरतो."

मी तक्त्याचे शीर्षक वाचले. साल गेल्याच्या गेल्या वर्षाचे होते! यंदाची यादी, सहाही नावांसकट, दुसऱ्या कप्प्यात तशीच पडून होती.

आता हा दोष कोणाचा? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

संगणक सुरू होण्याला इंग्रजीत 'बूट' होणे म्हणतात. हा शब्द आला बुटाच्या मागच्या पट्टीवरून. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला उचलून घ्यायचे, तसे हे यंत्र आधी एक लहानसा हुकूम वाचते, तो हुकूम मोठ्याला बोलावतो, आणि असे ते आपल्या पायावर उभे राहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' कामाला लागला, त्या काळच्या यंत्रांपुढे माणसाने जे काम ठेवावे तेवढेच ती करीत. गर्दीचा प्रश्नच नव्हता.

१९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक निघाला आणि त्याबरोबर 'ऑटोएक्झेक' नावाची एक चिठ्ठी आली. रोज सकाळी करायची कामे तिच्यात लिहून ठेवायची. यंत्र ती ओळीने वाची. एखादी ओळ नको असेल तर तिच्यापुढे 'रेम' ही तीन इंग्रजी अक्षरे लिहिली की झाले. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये 'स्टार्टअप' नावाचा गट आला. त्यात जे ठेवावे ते आपोआप उघडे. १९९५ च्या विंडोजने त्याच नावाचा कप्पा दिला, शिवाय 'रजिस्ट्री' नावाच्या आतल्या वहीतही अशी नावे नोंदवण्याची सोय केली. मग काय! जो तो नवा कार्यक्रम न विचारता आपले नाव त्या वहीत घालू लागला. म्हणून १९९८ साली नावे वाचून ती बंद करण्याचे साधनही देणे भाग पडले.

पण या याद्यांच्याही आधी, थेट उंबरठ्यावरच बसणारे चोर होते. 'मायकेलँजेलो' नावाचा विषाणू फ्लॉपीतून येई, तबकडीच्या पहिल्याच जागेवर बसे, आणि ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, यंत्र सुरू केले की तबकडीवरचा मजकूर नासवी. १९९२ साली त्याने जगभर घबराट उडवली. असल्या चोरांशी पुण्यात दोन मराठी भाऊ झुंजले. थोरले कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे संजय संगणक शिकले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतले विषाणू काढण्यासाठी संजयनी जे लिहिले, त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली.

आमच्या कारखान्यात मात्र चोर कोणी नव्हता. आधीच्या कारकुनाने सोयीसाठी त्या तक्त्याची वाट स्टार्टअपच्या कप्प्यात ठेवली, आणि नोकरी सोडताना काढायची राहून गेली. कालची सोय आजचा घोटाळा होऊन बसली, एवढेच.

उपाय पाच मिनिटांचा. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबून चौकटीत इंग्रजीत 'शेल:स्टार्टअप' लिहिले, कप्पा उघडला. त्यात बाणाची खूण असलेले चिन्ह होते, ते पुसले. ते पुसल्याने मूळ तक्ता जात नाही. तो जुन्या वर्षाच्या कप्प्यात सुखरूप ठेवला. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या. २०१२ च्या विंडोजपासून तिथे सकाळच्या पाळीची यादी मिळते. नको त्यावर टिचकी मारून 'डिसेबल' म्हणायचे. म्हणजे त्याला कामावरून काढले नाही, बदलीवाला केले. हाक मारली की येईल. विषाणूंचा पहारेकरी तेवढा कायम ठेवला. ज्याचे नाव ओळखीचे नाही, त्याला चौकशीवाचून हात लावू नये.

यंदाच्या यादीत सगळी हजेरी नव्याने भरायला रात्रीचे दहा वाजले. दुसऱ्या दिवशी सहा पाकिटे वाढली.

पण त्या दिवशी सकाळीच त्याचा घाबराघुबरा फोन आला होता. "सर, आज संगणक सुरू केला, तर काहीच उघडलं नाही हो! बिघडला की काय?"

"बिघडला नाही," मी म्हटले. "तुझी वाट बघतोय. आता यंदाची यादी तू उघड."