जमखिंडीची दुर्बीण

सूर्य आणि रात्रीचे आकाश या दोहोंची छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्या हौशी निरीक्षकास आज पहिला प्रश्न पडतो तो हा, की दुर्बीण एक घ्यावी की दोन? सूर्याचे तेज इतके प्रखर, की ते आवरावे लागते. तेजोमेघ इतके अंधुक, की मिळेल तो किरण वेचावा लागतो. या प्रश्नाचे एक उत्तर १८६८ साली निपाणी-बेळगावच्या पूर्वेस, जमखिंडी येथे मांडले गेले होते. जमखिंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते.

त्या वर्षी १८ ऑगस्ट रोजी खग्रास ग्रहणाची छाया विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण या मार्गाने जाणार होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यासाठी भारतातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे एक अधिकारी, लेफ्टनंट जॉन हर्शेल, यांच्या हाती यंत्रे सोपविली. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा. वडील सर जॉन यांनी दक्षिण आफ्रिकेत राहून दक्षिण गोलार्धातील तेजोमेघ नोंदविले होते. सुमारे पाच मिनिटांच्या खग्रास अवस्थेसाठी एवढे यंत्र समुद्रापार धाडावयाचे, तर त्याने रात्रीही काम करावे, हा विचार साहजिकच होता. काही तेजोमेघ वायुरूप असल्याचे विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली वर्णपटावरून दाखविले होते. तीच परीक्षा दक्षिणेच्या तेजोमेघांची घ्यावी, असे ठरले.

निवड झाली ती कुक यांच्या कारखान्यातील पाच इंची भिंगाच्या दुर्बिणीची. तेजोमेघासाठी पाच इंच काही फार नव्हेत. परंतु याहून मोठी दुर्बीण हलवावयास जड. तीस घड्याळी गती जोडलेली होती, आणि खरे महत्त्व तिलाच. वर्णपटदर्शकाची फट केसासारखी अरुंद. आकाश सरकले की बिंब फटीबाहेर गेलेच! मग ती सौरज्वाला असो वा तेजोमेघ. शिवाय अशा दुर्बिणीचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असावा लागतो. इंग्लंडात तो उंच उभा राहतो; जमखिंडीस मात्र ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंशांवर, म्हणून अक्ष जवळजवळ आडवा करावा लागतो. गुंटूरला मेजर टेनंट यांनी छायाचित्रांसाठी चांदीचा मुलामा दिलेल्या आरशाची दुर्बीण वापरली. आरशात सर्व रंग एकाच ठिकाणी केंद्रित होतात, हा त्याचा गुण. दमट हवेत मुलामा काळवंडतो, हा दोष. कामाप्रमाणे यंत्र, हेच खरे.

ग्रहणाच्या दिवशी जमखिंडीवर श्रावणाचे ढग होते. खग्रास काळात ते क्षणभर फाटले, पुन्हा मिटले. तेवढ्या अवधीत हर्शेल यांनी फट एका ज्वालेवर आणली, तो तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या! अखंड रंगपट्टा नव्हे, सुट्या रेषा. म्हणजे ज्वाला वायूची. हा अर्थ त्यांना तत्काळ उमगला, यात नवल नाही. ग्रहणापूर्वीच्या महिन्यांत त्यांनी याच यंत्रातून तेजोमेघांचे वर्णपट तपासले होते, आणि सुट्या रेषा कशाची खूण हे त्या डोळ्यांस ठाऊक झाले होते. रात्रीचा सराव असा दिवसा कामी आला.

नारिंगी रेषा त्यांनी सोडियमच्या रेषेपाशी मोजली. ती सोडियमची नव्हती. हेलियमची होती, आणि ते द्रव्य पृथ्वीवर सापडावयास १८९५ साल उजाडले. दरम्यान जान्सेन यांनी गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी उघड्या सूर्याच्या ज्वाला वर्णपटदर्शकातून पाहून दाखविल्या होत्या. १८६९ च्या जूनमध्ये हर्शेलही बंगळूरहून ग्रहणावाचून त्याच ज्वाला न्याहाळीत होते, आणि त्यांविषयी वडिलांना पत्रे लिहीत होते.