तळटीप १४ : एका कानाचे दोन स्कॅन

१४. पूर्ण्याच्या या मुलीला सीटी आणि एमआरआय अशा दोन्ही तपासण्या सांगितल्या, त्यात उगाच वाढवलेला खर्च नाही. सीटी हाड दाखवतो: मधल्या कानातले जेमतेम तीन मिलिमीटरचे रिकीब हे हाड, कानामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या, शंखासारख्या वळलेल्या कॉक्लियाचे कवच. छेद एक मिलिमीटरहूनही पातळ असतात. साध्या एक्स-रेत हीच हाडे एकमेकांवर पडून धूसर होतात. कॉक्लियातला द्रव आणि श्रवणाची नस मात्र एमआरआयमध्येच नीट दिसते. जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचे, तर नस आहे का, हे आधी पाहावेच लागते. इम्प्लांटची कॉक्लियातली तार संदेश देणार तो त्या नसेलाच. माझ्या मते पालकांना हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे. सीटीत क्ष-किरण असतात, पण तो काही सेकंदांत उरकतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत. मात्र बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते. लहान मुलांना म्हणून झोपेचे औषध देतात, आणि त्यासाठी पोट रिकामे लागते. पहाटेच्या गाडीने नांदेडला निघताना आईने मुलीला दूध दिले नाही, ते यामुळेच. — संपा.