पिंपळगाव राजा ते परळ, एका जबड्यासाठी

१९४१ साल. कपाशीची वेचणी उरकली आहे आणि तुमच्या डाव्या गालातली गाठ आता बाहेरूनही दिसते. मिसरूड फुटल्यापासून तंबाखू-चुन्याची चिमूट तिथेच दाबून धरलेली. विदर्भातल्या पिंपळगाव राजाहून पहाटे दमणी निघते. खामगावला तुम्ही छोट्या फाट्याच्या गाडीत बसता, जलंबला मोठ्या लाइनीची गाडी पकडता आणि अवघडल्या अंगाने परळला पोचता. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारीलाच उघडलंय. डॉक्टर बोटांनी गाठ चाचपतात, गालावर शाईने खूण करतात आणि क्ष-किरणांची नळी त्या खुणेवर रोखतात. आत नेमकं काय आहे ते कुणालाच दिसत नाही. या यंत्राचा सर्वांत मोठा मारा कातडीवर बसतो, त्यामुळे गाठीच्या आधी गालच सोलवटतो.

तिथून उठा ते थेट १९८५ मध्ये. किरण आता कोबाल्ट-६० मधून येतात. ते कातडीला बरंचसं वाचवून खोल जातात. नेम धरायला एक्स-रे फिल्म आहे, पण तिच्यावर उमटतात ती हाडं. सीटी स्कॅन १९७१ मध्ये विंबल्डनच्या रुग्णालयात पहिल्यांदा माणसावर वापरला गेला. तुमच्या वाट्याला तो अजून आलेला नाही. गाठीची कड दिसत नाही म्हणून डॉक्टर भोवतालचं बरंच अंग किरणांखाली घेतात आणि कानापुढच्या लाळग्रंथी त्यात होरपळतात. तुम्ही वाचता. पण पुढे आयुष्यभर ज्वारीची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, आणि ठेचा तर जिभेला लावता येत नाही. बरं झालेल्या माणसाला ही शिक्षा का, हा प्रश्न मला सोडत नाही.

आता आजच्या खोलीत या. चेहऱ्यावर जाळीचा मास्क, टेबलाला घट्ट अडकवलेला. "काका, थुंकी गिळायची असेल तर आत्ताच गिळा, मग हलू नका," तंत्रज्ञ मुलगी सांगते. यंत्राचे हात मिनिटभरात तुमच्याभोवती फेरी मारतात. किरणांचा शेक देण्याआधी, त्याच टेबलावर घेतलेलं हे चित्र म्हणजे कोन बीम सीटी. डेव्हिड जॅफ्रे यांच्या गटाने २००२ मध्ये अमेरिकेत ती उपचाराच्या यंत्रावरच जमवून दाखवली.

पडद्यावर मात्र जबडा धुरकट दिसतो. शंकूसारखे पसरलेले किरण शरीरात आपटून भलतीकडे उडतात आणि तेही चित्रात नोंदले जातात. दातात भरलेल्या धातूचे पट्टे उमटतात. मधेच तुम्ही गिळलेलंही असतं. नेहमीच्या सीटीत पाण्याचा आकडा ० आणि हवेचा −१०००, आणि अशा आकड्यांवरूनच कुठे किती किरण मुरतील याचा हिशेब मांडतात. या चित्रात ते आकडेच घसरलेले. हाडं जुळवून तुम्हाला सरळ निजवण्यापुरतं ते चालतं, पण डोसाचा हिशेब त्यावर सोपवता येत नाही.

डीप लर्निंग कामाला येतं ते इथे. संगणकाला आधी असंख्य धुरकट चित्रं आणि त्याच रुग्णांचे स्वच्छ सीटी दाखवलेले असतात. दोन स्कॅनच्या मधल्या दिवसांत शरीर बदलतं, जोड्या तंतोतंत जुळत नाहीत. २०१७ मध्ये आलेली सायकलगॅन ही पद्धत न जुळणाऱ्या चित्रांवरूनही शिकते. मग तुमचं आजचं चित्र ती काही सेकंदांत निवळून देते, आकड्यांसकट.

याचं मोल उपचाराच्या चौथ्या आठवड्यात कळतं. तोंड आलंय, जेवण तुटलंय, वजन उतरलंय. मास्क सैल झालाय. लाळग्रंथी आकसून आत सरकल्यात, म्हणजे जास्त डोसाच्या दिशेने, आणि किरणांची योजना मात्र पहिल्या दिवसाच्या चेहऱ्याची आहे. चित्र स्वच्छ असेल तर भौतिकतज्ज्ञ त्याच दिवशी डोस ताडून पाहू शकतात आणि योजना बदलायची की नाही ते ठरवता येतं. नाहीतर नवा सीटी, नवी तारीख. गावी शेत वाऱ्यावर टाकून धर्मशाळेत सहा-सात आठवडे काढणाऱ्या माणसाला अशी एकेक तारीख फार जड जाते. म्हणून मला वाटतं, या तंत्राची सर्वाधिक गरज दूरच्या गावातून आलेल्यांनाच आहे.

एक धोका मात्र खरा आहे. संगणकाने जे कधी पाहिलंच नाही, त्याच्या जागी तो ओळखीचं काहीतरी रंगवू शकतो. दात पडलेला, शस्त्रक्रियेत अर्धा काढलेला, प्लेट बसवलेला जबडा शिकवणीत नसेल, तर निवळलेलं चित्र सुंदर असेल आणि चुकीचं असेल. त्यामुळे भौतिकतज्ज्ञाच्या तपासणीशिवाय त्यावर विसंबू नये, आणि असे जबडे शिकवणीत यावेत म्हणून विदर्भातल्या रुग्णालयांनी रुग्णांच्या संमतीने, नावं वगळून, आपले स्कॅन या शिकवणीसाठी द्यावेत.

तुमच्या घरात कुणाला शेक चालू असेल, तर मास्क सैल लागतोय हे त्याच दिवशी सांगायला लावा. 'डॉक्टरांना काय त्रास द्यायचा' म्हणून गप्प बसू देऊ नका.