सीनायवरचा अंधार

दहा आज्ञा ऐकून इस्राएल लोक भेदरतात, दूर उभे राहतात आणि मोशे एकटाच, देव होता त्या दाट अंधारात शिरतो. 'निर्गम'च्या विसाव्या अध्यायात एवढाच उल्लेख आहे. देव माणसाला कितपत कळू शकतो, या ख्रिस्ती चिंतनाची एक मोठी शाखा मात्र या एका उल्लेखातून वाढली.

येशूच्या काळातच अलेक्झांड्रियाचे यहुदी विचारवंत फिलो यांनी लिहिले होते की, देव आकलनापलीकडे आहे हे उमजणे हाच मोशेच्या शोधाचा मोठा लाभ. ख्रिस्ती लेखकांनी हा अर्थ उचलला. त्याला धार आली ती चौथ्या शतकातल्या वादात. किझिकसचे बिशप युनोमियस सांगत की देव 'अजन्मा' आहे आणि या एका शब्दात त्याचे सारतत्त्व पुरते कळते. ऐकायला हे भाविकपणाचे वाटते. पण मग पित्यापासून जन्मलेला पुत्र देव कसा? देव पूर्ण कळल्याचा दावा थेट येशूच्या देवत्वावर उठला होता. बॅसिल यांनी त्याचे खंडन केले. त्यांच्यामागे ते काम त्यांचे धाकटे भाऊ, निसाचे ग्रेगरी यांनी चालवले. ३८६ साली अँटिऑकमध्ये योहान क्रिसोस्टोम यांनीही देवाच्या अगम्यतेवर प्रवचने सुरू केली.

ग्रेगरींनी मोशेच्या चरित्रावर जे लिहिले, ते मला या साऱ्या परंपरेत सर्वांत मोलाचे वाटते. जळत्या झुडपापाशी उजेड, पुढे ढग, शेवटी अंधार. माणूस देवाच्या जितका जवळ जातो, तितकी त्याची बुद्धी अपुरी पडते आणि ओढ वाढतच राहते.

सुमारे ५०० साली एका अज्ञात लेखकाने पौलाचा अथेन्समधला शिष्य डायोनिसियस याचे नाव घेऊन हाच अंधार पुन्हा मांडला. देवाविषयीचे प्रत्येक विधान तो नाकारतो आणि देव नकारांच्याही पलीकडे आहे असे म्हणतो. ८२७ साली बायझंटाइन सम्राटाने त्याच्या ग्रंथांची पोथी फ्रँक सम्राट लुईला भेट पाठवली. त्यातून लॅटिन भाषांतरे झाली आणि पुढे थॉमस अक्वायनस यांनी शेकडो वेळा त्याचा आधार घेतला. नाव उसने असल्याची शंका पंधराव्या शतकापासून होती. १८९५ साली ती पक्की ठरली. तरी त्या पानांमागची प्रार्थना मला खरीच वाटते.

मार्टिन ल्यूथर यांना हा डायोनिसियस मानवला नाही. तो ख्रिस्ताहून प्लेटोच्या जवळचा, असे त्यांचे मत. पण तेही सीनायकडेच वळले. 'निर्गम'च्या तेहतिसाव्या अध्यायात मोशे देवाचे तेज पाहायला मागतो आणि त्याला दिसते ती फक्त पाठ. ज्याची पाठ दिसते त्याच्या मागून चालायचे असते, म्हणून देवाला पाहणे म्हणजे त्याला अनुसरणे, असा ग्रेगरींचा अर्थ. १५१८ साली हायडेलबर्गच्या वादसभेत ल्यूथर यांनी सांगितले की देवाची ही पाठ दुःखसहनात आणि क्रुसात दिसते.